बूड टेकण्यापुरती जागा

वेलिंग्टन. सातव्या मजल्याचं छत उघडलंय.
शिडीवर मी, दातांत टॉर्च, हातात पोलादी पट्टी.
खाली इरिहापेती, वही उघडून.
"चाळीस," मी सांगते. ती लिहिते.
"अडतीस."
"एकेचाळीस."
नकाशावर आहे पंच्याहत्तर.

मिलिमीटर. पोकळ स्लॅबनं बीमच्या ओठावर
बूड टेकावं, तेवढी जागा.
तो आकडा माझ्या अक्षरातला,
सात पोटात आडवी रेघ असलेला.
तेव्हा मी सत्तावीसची.

कॉलम यार्डातून येतानाच वयात आलेले असत.
लहानपण साच्यात, वाफेखाली संपलेलं.
मी भार मोजला, वारा मोजला,
भूकंप धरून तुळया तीनदा पडताळल्या.
सांध्याभोवती मात्र एक वर्तुळ काढलं,
बाणापुढे लिहिलं: तपशील पाहा.

आज पाहतेय.

काल फेआओला फोन केला. तेव्हा क्रेनवर असायचा.
ऐकू कमी येतं आता, पण तो दिवस आठवतो त्याला:
"दक्षिणेचा वारा होता, मॉइरा. स्लॅब गरगरत होता दोरावर.
बीम जरा मागे होता खरा.
पण स्लॅब बसला.
बसला ना, मग बसला."

जमीन हलली की बीम लांबतात थोडे,
आळोखेपिळोखे दिल्यासारखे.
पंच्याहत्तरातून तेवढं गेलं तर चालतं.
अडतिसातून?
बेरीज शिकताना हातचा धरायला शिकवतात.
पस्तीस मिलिमीटर हातचे होते,
ते मी यार्डावर सोपवले,
यार्डानं क्रेनवर,
क्रेननं वाऱ्यावर सोडले.

खालच्या टेबलावर कुणाचा तरी डबा, अर्धा खाल्लेला.
खुर्चीच्या पाठीवर हिरवा स्वेटर.
त्या बाईंना आम्ही सांगितलंय,
छतातल्या वायरी तपासतोय.
हे मी सुचवलं नव्हतं.
खोडूनही काढलं नाही.

"खालून पोलादी कोन लावायचे ना?" इरिहापेती विचारते.
"रुंदी किती धरू?"

मी आकडा सांगत नाही.
पट्टी खिशात टाकते, टॉर्च दातांतून काढते,
उतरू लागते.
खाली न बघता, प्रत्येक पायरीला
बुटानं विचारत,
आहेस का.