पासून, पर्यंत

तारीख टाका, म्हणते चौकट.
मी टाकते. पासून: तीस सप्टेंबर त्र्याण्णव.
पर्यंत: तीस सप्टेंबर त्र्याण्णव.
सापडल्या नोंदी सात.

सातच?
मागच्या कपाटात त्या एका तारखेची
दोरीनं बांधलेली रजिस्टरं आहेत,
त्यातली कितीतरी पानं मीच स्कॅन केलीत
औशाच्या ह्याच खोलीत, पंखा बंद ठेवून,
वाळवीनं खाल्लेल्या कडा उडू नयेत म्हणून.

समोर शाहूराज बिराजदार.
मांडीवर पिशवी, पिशवीत पिशवी,
तिच्यात रेशनकार्डाची झेरॉक्स.
"शिवगंगा. बायको माझी.
मी सोत्ता सांगितलो हुतो सायबाला, लिव्हताना बगितलो."

सातांत शिवगंगा नाही.
शिवगंगाबाई नाही. सिवगंगा नाही.
एक वेलांटी ऱ्हस्व केली, तरी नाही.
मग उगाच, बोट घसरल्यासारखं,
एकोणतीस टाकलं

आणि पडदा भरत गेला.
पान दोन. पान पाच. पान एकोणीस.
कस्तुरा, महादप्पा, नाव न ठेवलेली मुलगी,
गुंडेराव, हलिमाबी, शिवगंगा शाहूराज.
सगळ्यांपुढे एकच वेळ:
रात्रीचे दहा सव्वीस.

मी मोठ्यानं वाचलं. वाचायला नको होतं.
"धाला?" ते म्हणाले. "धाला तर
आमी गनपती बोळवून आल्तो.
माझ्या सदऱ्याचा गुलाल निगंना म्हनून
ती बडबड करलालती."

मग समजावलं, जमेल तसं:
यंत्राची मध्यरात्र इथली नाही, काका.
साता समुद्रापलीकडं एक रेघ आहे,
तिथल्या घड्याळानं हे सगळं साठवतात.
आपल्या बाराला तिथं आदली संध्याकाळ असते.
म्हणून रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत
आपल्याकडं जे जे होतं, बाळंतपण, चोरी,
ते त्याच्या हिशेबी काल झालेलं असतं.
मी विचारलं तीस. त्यानं त्याची तीस शोधली.
खोटं तो बोलला नाही.

शिक्के मारता मारता मुजीबभाई म्हणाले,
"आमची तारीख तर मगरिबलाच पलटते.
जुम्म्याची रात्र जुमेरातच्या संध्याकाळी लागते."
बिराजदार म्हणाले, "आमच्यात उजाडल्याबिगर
वार बदलत न्हाई."
मग बराच वेळ पंखा नसलेली खोली.
"म्हंजे मशीन बराबरच हाय की.
उजाडलं कुटं हुतं."

मी मान खाली घालून
शोधाच्या ओळीत साडेपाच तास मिळवले.
अधिकचं चिन्ह, शून्य पाच, दोन टिंबं, तीस.
एवढंसंच असतं ते.
सगळे सरकले. कस्तुरा, महादप्पा,
ती मुलगी, आपापल्या तीन छप्पनला येऊन बसले
तीस तारखेत.

आणि तेव्हा ते सात पुन्हा दिसले,
गर्दीच्या अगदी तळाशी.
सकाळचे सहा दहा. सात. आठ चाळीस.
एक तर दुपारी दोन.
म्हणजे चूक नव्हती ती आधीची यादी.
साडेपाचची रेघ ओलांडून
उजाडल्यावरही आत जिवंत असलेले,
हाक ऐकू येत असणारे
तेवढे सात, वेगळे काढून दिले होते यंत्रानं,
कुणी न मागता.

मी ती नावं चलनाच्या पाठीवर उतरवली.
कशासाठी, ते सांगता येणार नाही.

"तारीख तीसच लिव्हा," बिराजदार म्हणाले,
"नातवाच्या फारमावर तीस हाय.
दोन झाल्या की सायेब परत लावतो."
वेळेचा रकाना दाखल्यात नसतोच.
वीस रुपये मोजले त्यांनी, एक नाणं फिरवून बघितलं.
"आता हाय न्हवं ती? तिसात?"
आहे, म्हणाले.
त्यांनी कागद दोनदा घडी केला,
आतल्या पिशवीत ठेवला,
ती बाहेरच्या पिशवीत,
आणि पिशवीचं तोंड मुठीत धरून उठले.