हातभर दोरा

वडगावात माझे चार पॉवरलूम होते.
आता दोन आहेत, त्यातला एक सोमवारी रुसतो.
सुतातलं मला कळतं, एवढंच सांगायचंय.
म्हणून शहापुरातल्या मेडिकलवाल्यानं
काचेवर तीन डब्या मांडल्या
तेव्हा मी आधी किंमत विचारली नाही.
झाकण उघडून वीतभर ओढलं,
चिमटीत धरून पीळ बघितला.

पहिलं नुसतं नायलॉन, खळ न दिलेलं,
नख लागताच पिंजारणारं.
दुसरं पट्टीसारखं चपटं, पीळच नाही.
"फटी मोठ्या असल्या तर हे," तो म्हणाला.
तिसऱ्याला मेण.
बोटावरून सुळकन गेलं,
खळ प्यालेला ताणा फणीतून जातो तसं.
"हेच द्या. बिनवासाचं आहे काय?"
तो हसला. वास तिन्हींना होता, पुदिन्याचा.

हिरेमठ डॉक्टरीण, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची,
दाढेमागं आरसा धरून म्हणाली,
"पिन घालता ना?"
मी गप्प.
चाळीस वर्षं काड्यापेटीची काडी,
शर्टाची सेफ्टी पिन,
आणि लग्नात मटण जेवलो की
बायकोच्या अंबाड्यातला आकडा.
हिरडीवर तिला सगळं वाचता येत होतं.

"हातभर घ्या."
हातभर! कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.
कापडाचं हे माप बापाबरोबर गेलं
असं मी समजत होतो.
"मधल्या दोन बोटांना गुंडाळा.
करवतीसारखं ओढा, पण हलकं.
खच्चून दाबू नका. निधान."
मला ऐकू आलं, निदान.
निदान काय? निदान रात्री तरी?
का रोगाचं नाव सांगतेय?
तोंड उघडं ठेवून मी पुढच्या शब्दाची वाट बघितली.
कन्नडात ते तेवढंच होतं: सावकाश.
ती दारा म्हणायची, मी दोरा.
एका मात्रेची फट,
मेणाचासुद्धा तिथं शिरला नसता.

आता रोज रात्री, मोरीच्या आरशात:
दोरा दाताला बिलगवायचा,
हिरडीच्या कडेखाली थोडा उतरवायचा,
खालीवर, खालीवर,
मग त्याच फटीत शेजारच्या दाताला.
एका फटीला दोन भिंती असतात,
हे साठीत कळलं.
पुढच्या फटीला कोरा दोरा:
या बोटावरून सोडायचा, त्या बोटावर गुंडाळायचा.
एका बीमवरून सूत सुटतं,
दुसऱ्यावर कापड चढतं.
माझं कापड पहिले आठ दिवस लालच निघालं.
"थांबू नका," बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.
दहाव्या दिवशी पांढरं.

अंबक्का दारातून बघायची.
"तोंडात माग मांडलाय काय?"
परवा लाईट गेली, लूम थांबले,
तर आपणहून पाटावर येऊन बसली
आणि आ केला.
मोबाईलचा उजेड तिनंच धरला.

छत्तीस वर्षांच्या संसारात
मी या तोंडात कधी डोकावलो नव्हतो.
"डावीकडची दाढ कुठाय गं?"
"काढून आलो की मागंच.
तू सुताच्या पैशाला इचलकरंजीला गेलावतास."

मोकळ्या जागेत दोरा अडत नाही.
तिच्या शेजारच्या दाताची उघडी पडलेली बाजू मात्र
पुसावी लागते, खालीवर,
निधान.

लाईट आली.
भिंतीपलीकडं खटाखट सुरू झालं.
"आता सोड," ती म्हणाली,
म्हणजे तोंडात माझी दोन बोटं असताना
जेवढं म्हणता येतं तेवढं.