कुरण

खडकी बाजारात आमचं मटणाचं दुकान.
शाळेच्या युनिफॉर्मात, सकाळी सहाला
मी रद्दीचे चौकोन फाडायची.
मराठीच्या बाई सांगायच्या, काळीज म्हणजे हृदय;
ते तुटतं, त्यात कळ येते.
आमच्या दुकानात काळीज म्हणजे
उजवीकडचं, जड, तपकिरी,
पावशेर मागितलं तर पावशेर मिळणारं.
पेपरात मी बाईंचंच उत्तर लिहिलं.
मार्क हवे होते.

बाबा बोटानं दाबून सांगायचे,
"हे देऊ नको. आतनं दगड झालंय."
कधी चिरल्यावर नळ्यांतून
चपटी पानं वळवळायची.
तेव्हा ते मेंढराला शिव्या देत नसत.
सुरी पुसायचे, धनगराला निरोप धाडायचे:
बिरू, यंदा कुठल्या पाणथळीला चारलीस?

पुढं ससून. टेबलावर पहिलं सिरॉसिस.
सर विचारत होते, वर्ग गप्प.
मला नाव येत नव्हतं,
बोटाला येत होतं.

मग अकरा वर्षं.
अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना
दुर्बिणीतून रबराचे छल्ले बसवायला शिकले.
रात्री दोनला रक्त थांबलं
की नातेवाईक हात जोडतात.
त्याची सवय लागते, खोटं कशाला बोलू.

वत्सला तुपे, वय एकोणचाळीस, जनता वसाहत.
पोट घागरीएवढं, डोळे हळदीचे.
मी सवयीनं विचारलं, "पिता का?"
नवरा खाली बघायला लागला.
ती म्हणाली, "चहा."
हिपॅटायटिस बी निघाला.
तीन आठवड्यांनी तिची जाऊ आली,
मग त्याच गल्लीतला इस्त्रीवाला.
मी छल्ले बसवत राहिले.

बाबांना सांगितलं, असंच, जेवताना.
नळी चोखत म्हणाले,
"आणि कुरण?"

                    *

आता माझ्याकडे वही आहे.
पर्वतीच्या उतारावर, नळकोंडाळ्यापासून डावीकडे,
दार वाजवते आणि विचारते:
कान कुणी टोचले? जत्रेत गोंदवलंत?
वस्तरा कुणाचा? ताप आला की
सुई मारणारे ते कोपऱ्यावरचे डॉक्टर
सुई बदलायचे, की नुसती पुसायचे?
बाळंतपण कुठं झालं?
बाळाला पहिल्या दिवशी लस दिली का?
"सर्व्हे का, मॅडम? मागच्या सर्व्हेचं
रेशनकार्ड अजून आलं नाही."
बसते. चहा घेते.
साखर कमी, असं म्हणत नाही.

निधीचा अर्ज दोनदा परत आला.
आत्या म्हणते, वह्याच भरायच्या होत्या
तर तलाठी व्हायचं, पेन्शन तरी मिळाली असती.
बरोबरीच्यांनी बाणेरला फ्लॅट घेतले.
आणि इथं कुणी हात जोडत नाही.
जो आजारी पडलाच नाही
तो कशाला पेढे घेऊन येईल?

वत्सला दिवाळीआधी गेली.
मार्चमध्ये तिच्या सुवर्णाला मुलगा झाला.
सुवर्णाच्या रक्तात तोच पाहुणा, गुपचूप बसलेला.
चौथ्या तासाला बाळाच्या दोन्ही मांड्यांत सुया टोचल्या.
वॉर्ड डोक्यावर घेतला त्यानं.

बाबांना फोटो दाखवला.
चष्मा लावून नीट पाहिला.
"वजन?"
"दोन किलो सातशे."
मान हलवली. हिशोब जमल्यासारखी.

रक्त तपासायचं डिसेंबरात.
तारीख लिहिली आहे.
शेजारचा रकाना रिकामा.