सहा सूत

उत्तरेश्वर पेठेत माझं दुकान.
बैलगाडीचे साटे गेले, पाट-चौरंग गेले,
आता प्लायवुडची कपाटं, आणि वर्षाकाठी
एखादी बंदूक, दस्ता तडकलेली.

मगदुमांची शर्वरी आली. बरोबर मामा,
परवाना मामाच्या खिशात,
रायफल गादीच्या खोळीत.
अक्रोडाचा दस्ता, तेल पिऊन पिऊन तांबडा-काळा.
मामा सहा फुटी. पोरगी पाच फूट एक.
"गालापाशी तेवढं बघा," मामा म्हणाला,
"करवत लावायची नाही. सवय होईल तिला."

मी म्हटलं, मामा,
दुसऱ्याचा लंगोट लावून आखाड्यात कोण उतरतं?

भुश्श्याच्या पोत्याची वळकटी घोट्याखाली दिली,
बस म्हटलं गुडघ्यावर.
बसली. डावं कोपर गुडघ्यावर टेकलं, पट्टा दंडाला ताणला,
सगळं बरोबर, फक्त मान
गव्हाणीवरनं वासरानं काढावी तशी पुढं,
आणि दस्ता खांदा सोडून दंडावर घसरलेला.

फळ्यांवर पालथी झोपवली.
आडव्याला लांबी थोडी खपते,
मान आपसूक पुढं येते, जमीन वजन घेते.
तरी श्वास सोडला की दस्ता गळ्याच्या हाडाला ढोसायचा.

मग उभी केली.
उभ्यात लाकूड खोटं बोलत नाही.
अंग आडवं वळलेलं, कंबर पुढं,
डावं कोपर कमरेच्या हाडावर, जशी घागर ठेवतात,
रायफल मुठीवर.
आणि गाल लाकूड शोधत खाली खाली,
डोळा मागच्या छिद्रातनं कधीच निसटलेला.
लांब दस्ता तिला मागं रेटत होता,
घरात जागा न देणाऱ्या थोरल्या भावासारखा.

कोपराच्या खोबणीपासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत
पट्टी धरली. दोनदा धरली.
सहा सूत जास्त.

मामा बाहेर गेला. बिडी पेटवली नाही, नुसती धरली.
आत आला तेव्हा म्हणाला,
"उभ्याच्या मापानं कापा."
आणि शिकंजात दस्ता त्यानंच धरला,
खाली माझं जुनं धोतर घालून, ओरखडा नको म्हणून.

अक्रोड कापताना वास येतो,
पावसाळ्यात बंद ठेवलेली पेटी उघडल्यासारखा.
मामा तेवढा वेळ
भिंतीवरच्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरकडं बघत होता.

कापलेला तुकडा टाकला नाही.
रंधा मारून, घासून, वरच्या कडेवर बसवला.
लांबीत जास्त होतं ते उंचीत कमी होतं.
आता गाल जातो तिथं लाकूड असतं.

राहिलं गुडघ्याचं आणि पालथ्याचं.
शेजारी रामलिंग सातपुते चपला शिवतो,
त्याच्याकडनं तळाच्या कातड्याच्या चकत्या आणल्या.
बसताना एक घालायची, झोपताना दोन,
उभ्यानं एकही नाही.
मागची पट्टी खाचेत सरकती ठेवली.
उभ्याला खाली, म्हणजे रायफल वर डोळ्यापाशी येते,
झोपायला वर.
रामलिंग म्हणाला, पायाचं माप घेतो तसंच की हे.
तसंच. पण पाय एकाच जागी उभा असतो का रे?

निघताना मामानं ती खांद्याला लावून बघितली.
सवयीनं मान झुकवली,
आणि गाल वेळेआधीच लाकडाला थडकला.
हसला. "आता माझी नाही ही."
खोळ पोरीच्या हातात दिली.
मजुरीचं बोलणं झालं, घासाघीस झाली,
दोनशे त्यानं कमी केलेच.

तिचं आणि बंदुकीचं सूत जुळलं, असं मी
बायकोला रात्री सांगून टाकलं.
चौथ्या दिवशी फोन.
"काका, बसून दहा लागालंय, झोपून दहा.
उभ्यानं आठच, डावीकडं.
रविवारी येतो मी."

ये बाई. कानस काढून ठेवतो.
गालाचा असेल दोष, नाहीतर कमरेचा,
नाहीतर माझ्या पट्टीचा.