मुद्दाम ठोकलेले खिळे

वाडी नाक्यावर अडतीस वर्षं
मी टायरातून खिळे काढले.
खोक्याचे, चपलेचे, बैलाच्या नालेचे,
एकदा तर शिलाई मशीनची आख्खी सुई.
हॉर्लिक्सची बरणी भरली, मग दुसरी भरली.
खिळ्यानंच घर चालवलं,
तरी खिळ्याला मी दुश्मनच म्हणत आलो.

आणि मित्रा फिनलंडवरून सांगते,
"बाबा, इथे मुद्दाम ठोकून घेतात.
एका टायरात शंभराच्या वर. पैसे देऊन."
ताराचंदनं पाना खाली ठेवला.
"काका, धंदाच चुकला म्हणा की आपला."

जानेवारीचा महिना. तिकडे उणे बावीस.
इकडे नऊ डिग्रीला आम्ही
फाटक्या ट्यूबा जाळून कुडकुडत होतो.
ती गाडी चालवून राहिली होती, फोन समोर टांगलेला.
म्हटलं, काच उतरव पोरी, बोटभर.
आवाज ऐकू दे.

मला आवाज कळतात.
टक्कल पडलेलं टायर भुंग्यासारखं घोंगावतं.
रिमोल्डची कड सुटली की
ओलं फडकं आपटावं तसं थपथपतं.
अमरावती रोड सिमेंटचा झाला तेव्हापासून
रात्रभर घूं घूं, अन् दर जोडाला धप्प.
त्या धप्पवर मी झोपतो.

हे वेगळंच होतं.
तव्यावर ज्वारी फुटत राहावी, थांबूच नये, तसं.
मधेच बर्फ आला असावा, सगळं गिळलं गेलं.
पुन्हा कोरडा रस्ता, पुन्हा तडतड.
"लोक वैतागतात," ती म्हणाली,
"रस्ता खरवडतो म्हणे, उन्हाळ्याआधी धूळ उडते नुसती.
पण बाबा, उतारावर ब्रेक दाबला ना,
तर गाडी थांबते."

मी म्हटलं, मागचं डावं बघ.
खिळे पडले आहेत त्याचे.
"काहीही हं बाबा!"
रविवारी फोटो आला. चार गायब.
खाली फक्त एक हात दाखवणारं चित्र,
कपाळावर मारलेला.

मे महिन्यात ती आली.
पर्समधून कागदाची पुडी काढली,
पुडीत तसला एक खिळा, तुरीच्या डाळीएवढा,
टोकाला काळसर कठीण दाणा.
"तुमच्या बरणीसाठी."
बरणीत टाकवेना.
पंक्चर करणाऱ्यांच्या गर्दीत
हा थांबवणारा कसा ठेवायचा?

ती परत गेली त्या रात्री
स्कूटरच्या मागच्या टायरात बारीक भोक पाडलं,
सोल्यूशन लावलं, बसवला.
एकटाच.
अकरा वाजता दत्तवाडीवरून फुटाळ्यापर्यंत गेलो.
सिमेंटवर, चाकाच्या एका फेऱ्याला एक
टिक.
हळू चालवली की हळू.
पोट्टी शेजारी बसून
पेन टेबलावर आपटायची, गणित अडलं की, तशी.

चार रात्री चालला.
सेहेचाळीसच्या उन्हात रबर ढिलं पडतं,
मलाच ठाऊक असायला हवं होतं.
पाचव्या रात्री नुसतं घूं, अन् धप्प.
बॅटरी घेऊन दोन किलोमीटर चाललो,
मग सोडून दिलं.

पडला असेल कुठं तरी.
एखाद्याच्या टायरात शिरेल.
तो शिव्या देत, गाडी ढकलत
येईल माझ्याकडेच.