परिशिष्ट नऊ

मडगावात कोर्टामागे, दुसऱ्या मजल्यावर
मी टायपिंग करतो.
खरेदीखतं, कुळांचे दावे, घटस्फोट,
आणि यंदा पहिल्यांदाच, बर्फ.

बेतूलच्या धक्क्यावर चार कारखाने होते.
चार भोंगे, चार दर, चार तऱ्हांची उधारी.
कायतानची लादी जरा ठिसूळ,
पण पैशाला तो दसऱ्यापर्यंत थांबायचा.
मग कंपनीने एक कारखाना विकत घेतला
आणि लादी साठ रुपयांना लावली,
कायतानला जी करायलाच नव्वद पडायचे.
लोक खूश. वाईट वाटलं असेल कुणाला
तर तो बोलला नाही.
दोन वर्षांत तीन भोंगे गप्प झाले.
तिसऱ्या वर्षी लादी दोनशे दहा,
आणि पावतीमागे बारीक अक्षरात:
बर्फ आमचा घ्याल, तर मासळीही आम्हालाच द्याल.

इसवणाचा दरही मग तेच सांगू लागले.

सुकांती पागी जिना चढून आली
तेव्हा तिच्याकडे पिशवीभर पावत्या होत्या,
ओल्या होऊन वाळलेल्या, पापडासारख्या.
वकील मेदिनी कुंकळ्येकरांनी त्या
एकेक करून खिडकीत मांडल्या.
मी क्रमांक घातले. परिशिष्ट एक ते आठ.

आयोग दिल्लीत.
कंपनीचं उत्तर आलं, सत्तेचाळीस पानं,
एकाही पानाला मासळीचा वास नाही.
गोव्यात बर्फाचे एकोणचाळीस कारखाने,
त्यांतला आमचा एक.
मक्तेदारी कसली?

वकीलबाई म्हणाल्या, सगळं एका शब्दावर अडलंय,
संबंधित बाजारपेठ.
बाजार कुठवर ते आधी ठरतं,
त्यात दांडगा कोण ते मग.
सुकांती म्हणाली,
"म्हणजे बाजार खंय सोंपता, इतकंच ना?
मग मोजूया की."

यादीतल्या जवळच्यांनी बेतूलचं नाव ऐकून फोन ठेवला.
म्हापशाचा एक तयार झाला.
एप्रिलची सकाळ, भाड्याचा पिकअप,
भुसा, गोणपाट, ताणकाटा,
आणि टिपणं काढायला मी.

म्हापसा, साडेनऊ: पन्नास किलो.
मांडवीच्या पुलाअलीकडे: साडेअठ्ठेचाळीस.
कुठ्ठाळीला ट्रक आडवा पडलेला, पाऊण तास तिथेच.
सुकांती मागे बसून गोणपाट दाबत राहिली,
तापलेल्या बाळाच्या अंगावरची चादर दाबावी तशी.
कुठ्ठाळी: चव्वेचाळीस.
मडगाव: एक्केचाळीस.
असोळण्याला मोजायला थांबलो नाही,
डांबरावरून आमच्यामागे येणारी ओली रेघ
दिसतच होती.
बेतूल, दीड वाजता: साडेसदतीस.
भाडं धरून किलोला सव्वीस रुपये.
तारले तेव्हा अठराने जात होते.

सुकांतीने टोपलीतले दोन बांगडे त्या बर्फावर ठेवले,
काही सिद्ध करायला नाही,
खराब होतील म्हणून.

त्या रात्री मी टाइप केलं:
अर्जदारांचा बाजार नकाशावर नसून
तो बर्फ वितळायला लागणाऱ्या वेळात आहे.
वकीलबाईंनी वाक्य खोडलं,
थोड्या वेळाने परत लिहिलं.

कंपनीचा आक्षेप महिन्याभरात आला.
परिशिष्ट नऊ ग्राह्य धरू नये,
कारण मूळ लादी सादर केलेली नाही.
सुकांतीला मी ते वाचून दाखवलं,
दुसऱ्यांदाही वाचून दाखवलं,
मग ती जिन्यावर बसून हसली,
डोळे पुसून परत हसली.

पुढची तारीख जुलैची.
जुलैत बंदी असते, होड्या वर ओढलेल्या,
बर्फ कुणालाच नको असतो.
तरी पंधरा जण जाणार आहेत म्हणे दिल्लीला,
जनरलच्या डब्यातून.

कायतानने परवा कारखान्याचं कुलूप काढलं.
काही चालू केलं नाही.
आत नुसता बसून आला.