वजनातलं पाणी

सात हजार दोनशे एकोणपन्नास अक्षरांचा एक लांब धागा,
विषाणूकडून उसना आणलेला,
आणि त्याला जागोजागी टाचायला दोनशेवर आखूड धागे.
पंच्याण्णव अंशांवर सगळे सुटे करायचे,
मग रात्रभर सावकाश निववायचे.
सकाळी त्रिकोण व्हायला हवेत.

होत नव्हते.

जेलमध्ये नुसता फराटा,
ओल्या बोटाने पाटीवरची रेघ पुसावी तसा.
काकतीच्या पुढे, हायवेला लागून आमची प्रयोगशाळा;
संकेश्वरकडे जाणारे ट्रक गेले की
स्टँडमधल्या नळ्या किणकिणतात.
मी आधी ट्रकांवर संशय घेतला,
मग लाइटवर, मग नव्या आलेल्या बाळेशवर,
शेवटी स्वतःच्या हातावर.

शिवलीला मठपती म्हणाली, मीठ बघ.

मीठ म्हणजे मॅग्नेशियमचं.
डीएनएच्या कण्यावर पावलापावलाला ऋण भार.
(ऋण म्हणजे देणं आणि ऋण म्हणजे वजा;
इथे फक्त वजा.)
शेजारी शेजारी घडी घालू गेलं की धागे एकमेकांना ढकलतात.
मध्ये दोन धन भारांचा एक आयन येऊन थांबतो,
गाठ मारत नाही, काही नाही,
नुसता असतो,
आणि तेवढ्याने ढकलणं सोसण्याइतकं होतं.
साडेबारा मिलिमोलर.
फार कमी झालं तर कडा उघड्याच,
फार जास्त झालं तर सगळे चिकटून एक गोळा.
आणि साध्या खायच्या मिठावर भागवायचं म्हटलं
तर पाणी समुद्राहून खारट करावं लागतं.

हे ऐकून एक पाहुणे साहेब खूश झाले होते:
"वा! म्हणजे तुमच्या बेळगावसारखंच की!"
शिवलीलाने चहा पुढे सरकवला.
"नाही सर. हे मीठ आहे."

रविवारी येळ्ळूरला जेवताना वडिलांना सांगितलं.
उद्यमबागच्या फौंड्रीत त्यांनी छत्तीस वर्षं साचे भरले.
वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची,
गोळा बोटांचे ठसे धरून राहिला तर ठीक,
तळहाताला चिकटला तर पाणी जास्त.
भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं,
"तुमचं ते मीठ पाणी ओढतंय काय?"
ओढतं, म्हटलं.
"मग वजनात मीठ किती, पाणी किती, बघितलीस काय?
आम्ही वाळू भाजून मग वजन करत होतो.
खरं तुमचं काम मोठं."

सोमवारी बाटली उजेडात धरली.
जुलैचा महिना. झाकणाला केसाएवढी चीर,
आणि आत खडे बेळगावची हवा पिऊन
स्वतःच्याच पाण्यात बसलेले.
दोन महिने मी तोलत होते ते अर्धं आभाळ.
बाटलीवर शिवलीलाच्या अक्षरात कन्नड चिठ्ठी:
मुच्चळ बिगियागि हाकि.
कन्नड अक्षरं लावता येतात मला, पण सावकाश;
रोज 'बिगियागि'पाशी अडायची
आणि बाटली उचलून पुढे जायची.
"याचा अर्थ काय गं?"
"झाकण घट्ट लावा," ती म्हणाली,
आणि इतकी हसली की बाळेश दारात येऊन उभा राहिला.

नवी बाटली, सील फोडून, लगेच तोलली.
बुधवारी जेलमध्ये एकच बारीक पट्टी,
जागच्या जागी.
फराटा होता अजून, थोडा.

पंधरवड्याने धारवाडहून फोटो आले.
तपकिरी पटावर फिकट त्रिकोण,
काही एकमेकांवर पडलेले,
एक मधेच मुडपलेला.
वडिलांनी चष्मा पुसला, मोबाइल लांब धरला,
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग एका त्रिकोणाच्या टोकाशी अंगठा टेकवून म्हणाले,
"ह्याचा कोपरा भरला नाही बघ."